इहीनबाईंची निळी टोपी

आमच्या विहिणीचा टोपी घातलेला फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पेज पीत होते, आणि ती पेज तशीच वाटीत निवून गेली.

फोटोत त्या कुठल्याशा प्रचंड मैदानाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. अंगावर नेहमीची कडक इस्त्रीची सुती साडी, वर कुणाचं तरी जाड जाकीट आणि डोक्यावर पुढे छज्जा असलेली निळी टोपी. टोपीच्या मागच्या फटीतून अंबाडा बाहेर काढलेला. शेजारी माझी नात, तशीच टोपी घालून. दोघींचा एकेक हात वर आणि तोंडं उघडी. पोर माझ्या पोटच्या पोरीची, आणि तिच्या गळ्यात हात कुणाचा, तर यांचा.

आमच्याकडे विहिणीला इहीनबाई म्हणतात. मीही इथे तसंच म्हणते. ‘विहीणबाई’ असं लिहायला गेलं की मला उगाच त्यांच्याबद्दल आदर वाटू लागतो.

तेव्हा मी तरुण होते. चौसष्ट वर्षांची. अक्कल यायची होती.

"काय पाहून राहिली एवढं?" आमच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही जी. इहीनबाई टोपी घालून बसल्या हायत."

त्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चांगली दिसते की टोपी," म्हणाला आणि बैल बांधायला गेला. त्या दिवशी त्याला भाजीत मीठ कमी मिळालं.

खरं सांगायचं तर त्या पायऱ्यांवर मी असायला हवी होते. पोरीचं लग्न झालं, जावयाला अमेरिकेत नोकरी लागली, नात तिकडेच झाली. तेव्हा ठरलं होतं की एका वर्षी एका आजीने जायचं, दुसऱ्या वर्षी दुसरीने. माझी पाळी आली ती नेमकी आषाढात. कागदपत्रं तयार होती, पोरीने स्वेटर घेऊन ठेवला होता. आणि मी काय म्हणावं? "रोवणी टाकून मी कशी येऊ? धानाची रोवणी काय माझ्यावाचून होते?"

झाली की. मी शेताच्या धुऱ्यावर छत्री धरून बसले होते आणि बाया चिखलात वाकून, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता, सरासर रोपं लावत होत्या. मधूनच मी ओरडायचे, "दाट नको लावू व, दाट नको लावू," आणि त्या माझ्याकडे पाठ करून हसायच्या. पुढे म्हाताऱ्याने सांगितलं की मी नसते तर रोवणी लवकर उरकली असती. माझ्या सूचना ऐकायला बायांना थांबावं लागत होतं. गाव माझ्या डोक्यावर उभं आहे असं वाटायचं मला त्या वयात. गाव जमिनीवरच उभं होतं.

तर माझ्या पाळीला इहीनबाई गेल्या. त्या पवनीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मालक वारल्यापासून घरात एकट्याच. त्यांना बॅग भरायला एक संध्याकाळ पुरली. तिकडचा अख्खा उन्हाळा राहिल्या आणि परत आल्या त्या एक खेळ शिकून. बेसबॉल. नातीच्या शहराचा निळ्या कपड्यांचा संघ आहे, पगारी खेळाडूंचा, आणि त्या शहरातली माणसं त्या संघापायी जेवण सोडतात म्हणे. आमची नऊ वर्षांची नातही त्यातलीच. जावई त्याच मैदानाची तिकिटांची संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या कंपनीत, त्यामुळे पोर लहानपणापासून तिथेच वाढल्यासारखी.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असायचा. आधी नात आणि मी दोघीच बोलायचो. आमच्या शेळीला पिल्लं झाली का, तळ्यात यंदा शिंगाडे आहेत का, आमच्या सानगडीच्या मंडईच्या जत्रेत आकाशपाळणा येणार का, असलं. पडद्यावर तिसरा चौकोन उघडायला लागला तेव्हापासून मी लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुणीसारखी माझ्या चौकोनात बसून राहू लागले.

"आजी, काल पाहिलं?" नात विचारायची. तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं की ही ‘आजी’ मी नव्हे.

"पाहिलं ना, बाळा," इहीनबाई म्हणायच्या. त्या शाळेत बोलायच्या तसंच घरी बोलतात, प्रत्येक शब्दाला पट्टी लावून. "सातव्या डावात फेकणारा बदलला, ते चुकलंच. अजून एक डाव टाकू द्यायला हवा होता त्याला."

"बाबा पण तेच म्हणतो."

"तुझ्या बाबाला मीच सांगितलं काल."

मी हसायचे. दात दिसतील असं हसायचे. मग मध्येच म्हातारा माझ्या खांद्यावरून तोंड घुसवायचा. "काय जेवली व बाई?"

"पास्ता, आजोबा."

"बरं." आणि निघून जायचा. एवढंच. वर्षानुवर्षं त्या माणसाने नातीला दुसरा प्रश्न विचारला नाही. मी त्याला म्हणायचे, "अजी, काही चांगलं विचारत जा नं पोरीले. ते दमडीचं जेवणं काय विचारता?" असल्या बाबतीत मी फार हुशार होते तेव्हा.

मग पुढच्या वर्षी मी ठरवलं. खेळच शिकायचा. पेरणीच्या दिवसांत त्यांचे सामने रोज असतात, आणि त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. मी तशीही पहाटेच उठते. चुलीपुढे फोन डब्याला टेकवून उभा करायचा आणि पाहायचं. पहिले काही दिवस मला एवढंच कळलं की ही माणसं फार थुंकतात.

एका रविवारी मोठ्या तयारीने मी बोलले, "काल आपल्या ओपनरनं किती रन काढले?"

नात खळखळून हसली. ते मी सहन केलं, लेकरू आहे. इहीनबाईंनी तोंडावर पदर धरला. पदर धरून हसणं हे उघड हसण्यापेक्षा वाईट, कारण त्यात समोरच्याची दया असते. "इहीनबाई, यात ओपनर नसतो हो," त्या हळूच म्हणाल्या, जशी काही मी तिसरीतली पोर आणि त्यांनी मला वर्गाबाहेर नेऊन समजावलं.

"मले माहीत हाय जी," मी म्हणाले. "मी गंमत करून राहिली होती."

"काय जेवली व बाई?" म्हाताऱ्याने तोंड घुसवलं. त्या दिवशी तरी त्याने मला वाचवलं.

पण हळूहळू खेळ माझ्या हाताला लागला. आणि तो लागला बांधीतून. आमच्याकडे धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि भोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. हा खेळही तसाच, चौकोनी बांधीसारखा. खेळणारा एका कोपऱ्यातून निघतो; त्या कोपऱ्याला ते घरच म्हणतात. चेंडू मारून तो धुऱ्याधुऱ्याने पळतो, पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, आणि फिरून घरी आला तरच एक रन. कितीही लांब मारा, कितीही पळा, घरी पोचला नाही तर काही मोजत नाही. तिसऱ्या कोपऱ्यावर कितीतरी जण उभे राहून जातात. घर समोर दिसत असतं, आणि डाव संपतो. ते पाहून माझा जीव कळवळायचा. मी चुलीपुढून बोलायचे, "ये रे बाबा, दोन पावलं तर हायत."

हे मी इहीनबाईंना सांगितलं नाही. त्यांनी पुस्तकातून शिकलेलं मला बांधीतून कळलं, हे त्यांना आवडलं असतं आणि त्यांनी ते नातीला सांगितलं असतं. मग ते त्यांचं झालं असतं.

भादव्यात पोरीचा फोन आला. एकटीचा, मधल्या वारी. मी ओळखलं, काहीतरी आहे.

"आई, दिवाळीचं अजून नक्की नाही गं."

तीन वर्षं झाली होती त्यांना येऊन. त्या वर्षी दिवाळी आणि आमची मंडई करून जायचं असं वैशाखातच ठरलेलं. आमच्या भागात भाऊबीजेनंतर मंडया भरतात, प्रत्येक गावाची आपापल्या दिवशी. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, घरोघरी वडे आणि मटणाचा रस्सा. मंडईला पाहुणा आला नाही तर त्या घराचं काहीतरी बिघडलं असं गाव धरतं. लागोपाठ तीन मंडया माझ्या दारात शेजाऱ्यांचे जावई पाणी पिऊन गेले होते.

"काहून नक्की नाही?" मी विचारलं.

"आपली टीम यंदा चांगली खेळतेय. पुढच्या फेरीत गेली, तर महिनाभर मैदान चालू राहणार. यांना सुट्टी मिळणार नाही. आणि हिला तर विचारूच नकोस, ती म्हणते मी हलणारच नाही."

"आणि नाही गेली तं?"

"नाही गेली तर आम्ही येतो. तिकीट पक्कं करू."

मी फोन ठेवला आणि चुलीपुढे बसले. ज्या संघासाठी मी पेरणीपासून पहाटे डोळे फोडले, त्याने हरावं एवढंच आता मला हवं होतं. आणि रविवारी नातीसमोर मला इहीनबाईंपेक्षा जास्त टाळ्या वाजवायच्या होत्या.

दोन्ही केलं. त्या वयात अंगात दम होता. रविवारी पडद्यासमोर मी मुठी उडवून "निळे, निळे" म्हणायचे, इतकी की नात म्हणाली, "सानगडीची आजी, तू पण आता खरी फॅन झालीस." इहीनबाईंचा चेहरा जरासा पडला. तो पडलेला चेहरा मी आठवडाभर पुरवून पुरवून पाहिला. आणि सोमवारी सकाळी मी गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली आमच्या गावदेवीपुढे, मातामायपुढे उभी.

मातामायला सगळं माहीत असतं, पण बेसबॉल माहीत असेल याची मला खात्री नव्हती. गैरसमज नको म्हणून मी नीट समजावून सांगितलं. माय, निळे आणि लाल असे दोन संघ हायत. पुढं जायले एकच जागा उरली हाय. निळे हरले पायजेत. निळे, म्हणजे ज्यांची टोपी माझ्या इहीनीच्या डोक्यावर हाय ते. शेवटच्या मॅचमधी निळे हरू दे, तुले साडीचोळी आणि नारळ.

मागे कोणीतरी खाकरलं. म्हातारा शेतावर जाता जाता थांबला होता.

"देवीले रंग दाखव," तो म्हणाला. "मोठं मन कर, टोपीच मागून आण इहीनबाईची."

"तुमी जा जी तुमच्या कामाले."

"पोर रडन की हारली तं."

"रडू द्या. रडली तं इथं येऊन रडन."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मला वाटलं, जिंकले.

निळे काही सरळ हरेनात. एक सामना जिंकायचे, दोन हरायचे, परत तीन जिंकायचे. लालवालेही तसेच. भाद्रपद संपत आला तरी दोघं जोडीने चालले होते, तराजूची दोन पारडी जशी. शेवटी एकच सामना उरला. निळे जिंकले आणि लाल हरले, तर निळे पुढे. दुसरं काहीही झालं तर निळे घरी. म्हणजे माझी पोर घरी.

आणि त्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी इहीनबाई माझ्या दारात उभ्या. त्यांच्या भाच्याच्या लेकराचं बारसं होतं सानगडीत, आणि परतीची गाडी रद्द झालेली. पिशवीत काय असेल तर ती टोपी.

"अडचण तर नाही ना, इहीनबाई? सकाळच्या पहिल्या गाडीने निघते."

"अडचण कायची जी, या," मी म्हणाले. वर्षभर मी त्यांना घरी या म्हटलं नव्हतं. मंडईचं बोलावणं तर त्या फोटोच्या दिवसापासून बंदच केलं होतं. सगळ्या सोयऱ्यांना म्हाताऱ्याच्या फोनवरून निरोप जायचा आणि पवनीचा राहून जायचा. राहून म्हणजे, मीच राहू द्यायचे.

नातीच्या शहरात त्या दिवशी पाऊस होता. दुपारचा सामना तासनतास थांबला आणि सुरू झाला तो आमच्या कोंबड्याच्या वेळेला. दिवाणावर आम्ही दोघी मांडी घालून, मध्ये उशी, उशीवर फोन. त्यांनी टोपी घातली. चहा मी केला, त्यांच्या कपात साखर कमी घातली, मग माझीच मला लाज वाटून परत घातली, मग जास्त झाली.

"फार गोड झालाय," त्या म्हणाल्या. "छान आहे."

शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. मग निळ्यांचा एक पोरगा पळत तिसऱ्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. दाढी फुटू लागलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, रोवणीतून आल्यासारखा. घर त्याच्या समोर. पुढच्या खेळाडूने चेंडू उंच मारला, इतका उंच की पडद्यात नुसतं काळं आकाश दिसायला लागलं.

"झेलणार," इहीनबाई म्हणाल्या. "पण झेलला तरी हा तिसऱ्यावरचा पळू शकतो. झेलल्यावर पाय उचलायचा, आधी नाही."

झेलला. मारणारा बाद. आणि तिसऱ्यावरच्या पोराने पाय उचलला.

तेव्हा माझं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. नवस बोललेली बाई कुठे गेली कुणास ठाऊक. मी दिवाणावर गुडघ्यांवर उभी राहिले आणि ओरडले, "ये, ये बाबा, ये, घर आलं, घर आलं." तो घसरत, पोटावर, चिखल उडवत घरात शिरला. पंचाने हात पसरले. निळे जिंकले. मी इहीनबाईंच्या गळ्यात पडले, त्या माझ्या, आणि चहाचा कप उलटून चादरीवर.

मग माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले. मी हळूच त्यांच्या गळ्यातून हात काढला आणि पलंगपोस पुसायला लागले. मंडई गेली. चौथी.

"थांबा," इहीनबाई म्हणाल्या. त्या फोन जवळ धरून काही तरी वाचत होत्या. दुसऱ्या शहरातला लालवाल्यांचा सामना तेव्हाच संपला होता. "लाल पण जिंकले."

"म्हंजे?"

"म्हणजे आपण जिंकून बाहेर."

मी पुसायची थांबले. बाहेर म्हातारा गोठ्यात काहीतरी बडबडत होता. इहीनबाई टोपी काढून मांडीवर घेऊन बसल्या, आणि अचानक त्यांना हसू फुटलं. पदर-बिदर काही नाही, दात दाखवून हसल्या.

"काय झालं जी?"

"मी नवस बोलले होते," त्या म्हणाल्या. "नदीकाठच्या गणपतीला. शेवटचा सामना जिंकू दे, एकवीस मोदक. मी, आयुष्यभर मुलांना अंधश्रद्धा वाईट म्हणून सांगितलेली बाई. जिंकू दे म्हणाले, पुढे जाऊ दे म्हणायला विसरले."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "पण पुढं गेले असते तं तुमचा पोरगा आला नसता नं दिवाळीले."

"नसता आला."

"मंग कायले बोलला नवस?"

त्यांनी टोपीवरचा एक केस उचलला. "नातीला शब्द दिला होता मी, नवस बोलते म्हणून. आणि इहीनबाई, खरं सांगू का? माझ्याशी ती फक्त खेळाचं बोलते. तुमच्याशी शेळीचं, तळ्याचं, मंडईचं बोलायची. मी आपली या एका खेळावर टिकून आहे. संघ बाहेर पडला की आमचं बोलणं संपलं, पुढच्या चैत्रापर्यंत."

मला वाटलं होतं की असं काही ऐकलं की माझं पोट थंड होईल. झालं उलटंच. मला त्यांचा नव्याने राग आला. लेकाची भेट नातीसाठी सोडायला निघाली बाई. त्यागातही माझ्यापुढे.

म्हणून मीही सांगून टाकलं. मातामाय, साडीचोळी, निळे हरू दे, टोपीची खूण सुद्धा. मागे राहायचं नव्हतं मला.

इहीनबाईंनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघींचंही ऐकलं म्हणायचं. माझ्यासाठी जिंकवलं आणि तुमच्यासाठी बाहेर काढलं."

"मायनं माझं ऐकलं कुठं? मी हरू दे म्हटलं होतं. साडीचोळी मी देत नाही."

"पोरं येणार ना पण?"

"येतीन."

"मग द्यावी लागेल, इहीनबाई."

म्हातारा दारात दुधाची चरवी घेऊन उभा होता. किती वेळचा कोण जाणे. "दोघीही द्या," म्हणाला. "देवायनं तुमच्यापायी आपसात तोडगा काढला असन."

तेवढ्यात फोन वाजला. नात. डोळे सुजलेले, नाक लाल, टोपी उलटी. पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच चौकोनात, गालाला गाल लावून.

"आम्ही जिंकलो," ती म्हणाली आणि रडायला लागली. "जिंकलो तरी."

"पाहिलं बाळा," इहीनबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

मग मी बोलले. सगळ्यांत चुकीचं बोलले. "रडू नको व माझे बाई. आता तू मंडईले येशील की नाही? आकाशपाळणा येनार हाय."

"मला नको मंडई," ती म्हणाली. "मला मॅच हवी होती."

नातीचं ते वाक्य मी ऐकलं आणि त्या सोमवारी कडुलिंबाखाली जिंकल्यासारखी उभी असलेली मी मला आठवले. रडली तर इथे येऊन रडेल, म्हणे.  

म्हाताऱ्याने आमच्या दोघींच्या मधून तोंड घुसवलं. "काय जेवली व बाई?"

"काही नाही, आजोबा."

"जेवून घे. हारल्यावर भूक लागते."

"आम्ही हरलो नाही, आजोबा. आम्ही जिंकलो."

"मंग तं अजूनच लागते."

ती हसली. रडता रडताच, नाकातून. पडद्याबाहेर गेली आणि कशाची तरी पोळी घेऊन आली.

इहीनबाई पहिल्या गाडीने निघाल्या. रस्त्यापर्यंत मी त्यांची पिशवी धरली. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "इहीनबाई, मंडईले या. तोंडानं सांगून राहिली, राहून गेलं म्हणू नका."

"गेल्या वेळी राहून गेलं होतं वाटतं," त्या म्हणाल्या आणि चढल्या.

साडीचोळी मी दिली, हिरवी. म्हाताऱ्याने निळी आण म्हणून फार छळलं.

तिकीट उशिराचं मिळालं, दिवाळी हुकली, पोरं थेट मंडईलाच यायची होती. ती मंडई भरली त्या दिवशी सकाळपासून माझ्या दारात मी आणि इहीनबाई शेजारी शेजारी उभ्या होतो. त्यांच्या डोक्यावर टोपी. माझ्या हातात शेळीचं पिल्लू, मुद्दाम धुऊन आणलेलं. दोघींना माहीत होतं की नात आधी कुणाकडे पळते ते आता कळणार आहे. जीप रस्त्यावर थांबली. आधी जावई उतरला, मग माझी लेक, आणि मग नात, वर्षानुवर्षं पडद्यावर पाहिलेली, पडद्यापेक्षा कितीतरी उंच. ती पळत सुटली. इहीनबाईंनी हात पसरले. मी पिल्लू पुढे धरलं.

ती आमच्या दोघींच्या मधून गेली. अगदी मधून, तिचा फ्रॉक पिल्लाला घासला. म्हातारा बाभळीखाली खाटेवर वडे खात बसला होता. तो उठलाही नाही.

"आजोबा, मी विमानात काय जेवले सांगू?"

"सांग की."

तिने स्वतःच्या डोक्यावरची निळी टोपी काढली आणि त्याच्या टकलावर ठेवली. घट्ट बसली. मग ती खाटेवर चढली आणि विमानातलं एकेक जेवण सांगायला लागली, आणि तो मान हलवत ऐकत राहिला, टोपीचा छज्जा कानावर. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक सामना पाहिला नाही. किती कोपरे असतात ते त्याला माहीत नाही.

मी पिल्लू खाली सोडलं. इहीनबाईंनी पसरलेले हात आवरले आणि पदर नीट केला. दोघी ओट्यावर बसलो. समोर मंडईची गर्दी, पिपाण्यांचा आवाज, जिलेबीचा वास. खाटेवरून दोघांचं खिदळणं.

मग त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाळेची पट्टी न लावता बोलल्या.

"माझा जीव लई जळून राहिला व."

मी सरकले, आणि त्यांच्यासाठी सावलीत जागा केली.